फेब्रुवारीत उतर, पण आपल्या गटात

"सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. नाव छापू नका. वय २४, उंची पाच फूट सहा इंच, वजन ७१ किलो. घरी सात एकर वावर आहे. सोयाबीन-तूर, कपाशी आणि विहिरीवर थोडं ओलित. दोन वर्षांपासून अकरा किलोमीटरवरच्या जिममध्ये जातो. येत्या शिवजयंतीला तालुक्यात शरीरसौष्ठव स्पर्धा आहे. एकदा तरी मंचावर उभं राहायचं आहे. जिमचे सर म्हणतात, ७५ किलोच्या गटात उतर, पण 'कोर्स', म्हणजे स्टेरॉइडच्या सुया, मारल्याशिवाय तुझ्याकडे कोणी पाहणारही नाही. कोर्स, पावडर सगळं मिळून चाळीस हजार सांगतात. सोयाबीनचे पैसे आले की देतो, असं मी म्हणून बसलो आहे. घरी माळ आहे, अंडंसुद्धा चालत नाही. दिवाळीनंतर हरभऱ्याच्या ओलितासाठी एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री लाईन असते, तेव्हा झोप होत नाही. बाबा म्हणतात, 'वावरात घाम कमी निंघते का, म्हून तिकडे पैसे देऊन घाम गाळून राहिला?' बहिणीची सोयरीक पाहणं सुरू आहे. भाऊ चड्डीवर मंचावर उभा राहतो हे पाहुण्यांना कळलं तर, ही आईची काळजी. उतरू की नको? कोर्सशिवाय जमेल का?"

तुला 'तू' म्हणतो. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, तुझ्या वयाची मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. नंतर बरीच वर्षं आपल्या भागातल्या स्पर्धांना पंच म्हणून बसलो. म्हणून आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. उतर. याच शिवजयंतीला उतर. कोर्स घेऊ नकोस आणि ७५ च्या गटाचं नाव काढू नकोस. तुझा गट ६५ चा आहे.

हे वाचून तुझा चेहरा उतरला असेल, कारण दोन वर्षं तू वजन वाढवण्यासाठीच झिजलास. पण हिशेब मांडून बघ. पाच फूट सहा इंच उंची, ७१ किलो वजन आणि दोन वर्षांचा व्यायाम असलेल्या मुलाच्या अंगावर साधारण बारा-तेरा किलो चरबी असते. मंचावर जाताना त्यातली चार-पाच किलोच उरायला हवी, नाहीतर मेहनतीने कमावलेले स्नायू कातडीखाली झाकलेले राहतात. म्हणजे तू ६२ ते ६५ च्या मध्ये कुठेतरी उभा राहशील. ७५ च्या गटात चरबीविना उभं राहायला जे मांस लागतं, ते तुझ्या उंचीच्या मुलाला नैसर्गिक व्यायामाने यायला कित्येक वर्षं लागतात, बऱ्याच जणांना ते कधीच येत नाही. ही दरी पाच महिन्यांत भरायची म्हणूनच सरांना सुई आठवते. गट बरोबर निवडलास तर ती दरीच राहत नाही.

मनोहर आइच हे नाव तू ऐकलं आहेस की नाही, माहीत नाही. बंगालचे होते, उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. इंग्रजांच्या काळात तुरुंगात गेले आणि तिथे कुठलंही साधन नसताना व्यायाम करत राहिले. १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले आणि पुढे शंभरी ओलांडून २०१६ साली गेले. पंच म्हणून मी जे पाहायचो तेही हेच: खांदा आणि कंबर यांचं प्रमाण, स्नायूंमधल्या रेघा, पाय आणि पाठ. वजनकाट्यावरचा आकडा गट ठरवण्यापुरता असतो. त्याला कोणी गुण देत नाही.

आता कोर्सबद्दल. यावर जरा थांबून बोलतो, कारण तू पैसे देतो म्हणून बसला आहेस.

कोर्स म्हणजे बाहेरून टोचलेलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक किंवा त्याची भावंडं. ते रक्तात भरमसाट आलं की मेंदूला वाटतं, शरीरात हे पुरेसं आहे, आणि तो अंडकोषांना पाठवायचा हुकूम बंद करतो. अंडकोष काम थांबवतात, आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी जवळजवळ संपतात. कोर्स थांबवल्यावर ते परत कधी सुरू होईल, किती होईल, याची हमी कोणी देत नाही, सरही देणार नाहीत. तू २४ चा आहेस. बहिणीनंतर घरात तुझंच लग्न आहे. शिवाय रक्तदाब वाढतो, हृदयाची भिंत जाड होते, गोळ्यांचा मार यकृतावर बसतो, काहींची छाती बायकांसारखी सुजते आणि ती बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय उतरत नाही. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा कायदा आहे. जिममध्ये पिशवीतून येणाऱ्या बाटलीत लेबलवर लिहिलेलं तेच आहे की आणखी काही, हे बघायला तिथे कोणी बसलेलं नसतं. हल्ली व्यायामाआधी 'ताकदीची' म्हणून एक सुई मुलं घेतात, ती मुळात ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला रक्तदाब वर आणण्याची आहे. कोणी पुढे केली तर हात मागे घे.

चाळीस हजार म्हणजे हमीभावाने साडेसात-आठ क्विंटल सोयाबीन. दीड-दोन एकरांचं पीक. पेरणीपासून मळणीपर्यंत बाबांनी त्या एकरांमध्ये काय काय केलं, ते तू पाहिलं आहेस. ते पीक सुईत घालू नकोस.

एक गोष्ट मी लपवणार नाही. तालुक्याच्या स्पर्धांमध्ये उत्तेजकांची चाचणी मी कधी झालेली पाहिली नाही. तुझ्या शेजारी कोर्स घेतलेली मुलं उभी असतील, तुझ्याच गटात असतील आणि त्यातलं कोणी तुझ्यापुढे जाईल. हे अन्यायाचं आहे, मलाही पंचांच्या टेबलावर बसून त्याचा त्रास व्हायचा. तू पहिल्या पाचात येशील, असं वचन मी देत नाही. पण ६५ च्या गटातली बरीच मुलं पाय आणि पाठ न करता येतात, पोझ धरता धरता धापा टाकतात, रेघा न काढता येतात. तिथे तुला जागा आहे. आणि जागा नाही मिळाली, तरी पुढच्या वर्षी तू त्याच शरीरावर एक वर्ष चढवून परत येशील. कोर्सवाल्याला दर वर्षी नवी बाटली लागते.

बाबांच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. तो प्रश्न खरा आहे. त्यांना सांग: बाबा, सोयाबीनचा कट्टा मी दर हंगामात उचलतो, पण तो तेवढाच राहतो. जिममध्ये वजन दर पंधरवड्याला थोडं थोडं वाढवता येतं आणि स्नायू त्या वाढीला उत्तर म्हणून वाढतो. फवारणीचा पंप एकाच पद्धतीने पाठीवर बसतो, कापूस वेचताना कंबर तासन्तास वाकलेली असते. त्याने शरीर झिजतं, सगळ्या बाजूंनी भरत नाही. हेही सांग की हा शौक मुंबईहून आलेला नाही. आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ साली तिथली मंडळी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. मग त्यांना घेऊन एकदा जिममध्ये जा. दाखव, सांगू नकोस. माझ्या अनुभवात बाप लोकांचा विरोध पैशाला आणि सुईला असतो. ते दोन्ही गेले की ते गप्प बसतात, आणि कधी पहिल्या रांगेत येऊन बसतात.

माळ असल्यामुळे तुझं काही अडत नाही. तुला दिवसाला एकशे चाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतील. ती अशी बसतात: कोरड्या सोया वड्या साठ ग्रॅम, त्यातून एकतीस. साय काढलेलं दूध पाऊण लिटर, त्यातून चोवीस. चार ज्वारीच्या भाकरींतून वीस-बावीस. दिवसभरात मिळून ऐंशी ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण, त्यातून सतरा. दोन मुठी फुटाणे तेरा, एक मूठ शेंगदाणे आठ. राहिले पंचवीसेक, ते व्हे पावडरच्या एका स्कूपमधून घे किंवा सव्वाशे-दीडशे ग्रॅम पनीरमधून. आईला सांग, व्हे म्हणजे दूध फाडून पनीर काढल्यावर उरणारी निवळी वाळवून केलेली पावडर आहे, दुधाचीच आहे. डब्यावर हिरवा ठिपका बघून घे. सायीचं तिने तूप करावं, ते तूप या पाच महिन्यांत तुझ्या ताटात चमचाभरच पडावं. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने पोट भरू नकोस, दूध, दही, पनीर आणि मोजके शेंगदाणे घे, महिन्यातल्या दोन दिवसांनी काही बिघडत नाही. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, चिवळ, जे हंगामात मिळेल ते पोटभर खा. झुणक्यावरचं तेल आणि ठेच्यावरचं तेल मात्र मोजायला शीक, बहुतेकांची चरबी तिथेच अडून बसते.

सोया वड्यांबद्दल एक. आपण सोयाबीन बाजार समितीत विकतो, कारखान्यात त्यातलं तेल निघतं आणि उरलेल्या पेंडीच्या पिठातून या वड्या होऊन परत आपल्याच किराणा दुकानात येतात. शंभर ग्रॅममध्ये पन्नासहून जास्त प्रथिनं, इतक्या कमी पैशात दुसऱ्या कशातही नाहीत. सोया खाल्ल्याने पुरुषपण जातं असं जिममध्ये बोलतात, त्यात तथ्य नाही. वावरातले कच्चे दाणे मात्र खाऊ नकोस. ते शिजवल्याशिवाय पचत नाहीत.

पाच महिन्यांची पावडर, वड्या, चड्डी, रंग आणि प्रवेश शुल्क धरून पंधरा-सोळा हजारांत भागेल. पनीरवर भागवलंस आणि दूध घरचं असलं तर आणखी कमी. क्रिएटिन (स्नायूंना जोर देणारी पावडर) घ्यायचं तर रोज तीन ते पाच ग्रॅम, निरोगी माणसाला ते निर्धोक आहे, पण त्यावाचून अडत नाही.

आता ओलित. सगळ्यात मोठी अडचण मला हीच दिसते. स्नायू जिममध्ये तुटतो आणि झोपेत भरतो. खाणं कमी केलेलं असताना झोपही कमी झाली की चरबीबरोबर मांसही गळतं. म्हणून रात्रीच्या लाईनचा आठवडा आणि दिवसाच्या लाईनचा आठवडा, असे दोन वेगळे वेळापत्रक कर. दिवसाच्या आठवड्यात पाच दिवस जिम. रात्रीच्या आठवड्यात तीनच दिवस, तेही संध्याकाळी. वजन तेवढंच ठेव, सेट कमी कर. जेवून तीन तास झोपून मग मोटर सुरू करायला जा, सकाळी येऊन पडदे ओढून चार तास झोप. त्या आठवड्यात मैत्रीपोटी चौकात बसणं सोड. बहीण किंवा बाबा एखादी रात्र घेत असतील तर मोकळेपणाने माग आणि सोंगणीच्या दिवसांत त्याची भरपाई कर. सोंगणी आणि वेचणीच्या दिवसांत वेगळं पळायला जाऊ नकोस, वावर तुला पुरेसं चालवतं. फवारणी करून आलास तर त्या दिवशी व्यायाम नाही. अंघोळ, जेवण, झोप.

दर सोमवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर वजन कर आणि बेंबीवरून कमरेचं माप घे. आठवड्याला तीनशे ते पाचशे ग्रॅम उतरलं पाहिजे. सलग दोन आठवडे सातशेच्या वर उतरलं तर एक भाकर वाढव. चेहरा बसेल, गावात लोक म्हणतील पोरगं वाळलं, बिमार आहे काय. ते ऐकून घाबरून जेवण वाढवू नकोस. संक्रांतीला थांबून एकदा बघ. तेव्हा वजन ६७ च्या खाली असेल, झोप सहा तासांच्या वर असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, तर अर्ज भर. यातलं काही बिघडलं असेल, तर यंदा प्रेक्षकांत बस आणि गट कसे लावतात ते नीट बघ. त्यात कमीपणा नाही.

पोझिंग आजपासून. सात सक्तीच्या पोझेस असतात: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि शेवटी पोट व मांड्या. रोज वीस मिनिटं. प्रत्येक पोझ वीस सेकंद धर, चेहरा सैल, श्वास चालू. पंच तुला नुसतं उभं करून चारही बाजूंनी वळवतात तेव्हाच अर्धा निकाल लागलेला असतो. आईची काळजी चड्डीची असेल, तर आयोजकांकडे मेन्स फिजिक गट आहे का ते विचार. त्यात गुडघ्यापर्यंतची शॉर्ट घालतात. पण माझं मत विचारशील तर मांड्या कमावल्या असतील तर झाकू नकोस. पाहुण्यांना सोयरिकीच्या बोलण्यात बाबांनी स्वतःच सांगावं, आमचा मुलगा स्पर्धेत उतरतो, व्यसन नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं.

शेवटच्या आठवड्याचं मात्र ऐक. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत ७० च्या गटातला २१ वर्षांचा मुलगा मंचामागच्या खोलीत पायांना गोळे येऊन आडवा झाला. दोन दिवस पाणी बंद होतं आणि वर कुणीतरी लघवीची गोळी दिली होती. त्याचा बाप त्याचे पाय चोळत मला विचारत होता, "काय खाल्लं बा यानं?" त्याने काहीच खाल्लं नव्हतं. तो वाचला. मोमो बेनाझिझा हा फ्रेंच बॉडीबिल्डर जगातल्या नावाजलेल्यांपैकी एक होता. तो १९९२ साली एका स्पर्धेनंतर काही तासांतच गेला, ३३ व्या वर्षी, अशाच पाणी काढणाऱ्या औषधांपायी. स्नायूचा तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे. पाणी तोडलंस तर स्नायूच चपटा होतो आणि रेघा येत नाहीत, कारण रेघा चरबी गेल्याने येतात. शेवटच्या दिवसापर्यंत रोजच्यासारखं पाणी आणि रोजच्यासारखं मीठ.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांमध्ये आहे आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत हे माहीतच नसतं, कारण वाहकाला एरवी त्रास होत नाही. पण अंगातलं पाणी कमी असताना अतोनात श्रम झाले, तर वाहकाच्याही तांबड्या पेशी वाकड्या होतात, स्नायू आतून विरघळू लागतात, कधी जीवावर बेतते. वाहक निघालास तरी स्पर्धा बंद होत नाही. फक्त तहानलेल्या अंगाने व्यायाम कधीच नाही, जोर हळूहळू वाढवायचा आणि डॉक्टरला सांगून करायचं. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

सरांशी भांडू नकोस. व्यायाम त्यांना येत असेल, तेवढा घे. सरळ म्हण, "सर, मी ६५ मध्ये उतरतो, कोर्स नाही घेत, मला पोझिंग शिकवा." त्यांनी हसून टाळलं तर दुसरा माणूस शोधू, मी मदत करतो. पैसे देतो म्हटलं होतंस, तो शब्द मोडायला लाज वाटून घेऊ नकोस.

या सोमवारी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सिकलसेल, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब बघून घे. मांसाहार नाही म्हणून बी-१२ सुद्धा बघायला हवं, तिथे होत नसेल तर तालुक्याला कर. रिपोर्ट आले की वजन आणि कमरेचं माप लिहून पाठव. सोबत एक फोटोही पाठव, पाठीचा आणि पायांचा. छातीचा नको.